पोथीचे कुलूप

रहस्यकथा वाचणाऱ्या माणसाला आपल्याकडे फारसा मान नाही. त्यातून तो मराठीचा प्राध्यापक असला तर पाहायलाच नको. कीर्तनकार तमाशाच्या तंबूत सापडावा, तशी त्याची गत होते. तरीही मी रहस्यकथा वाचतो आणि ते लपवतही नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारापासून आरंभ करून मी यथाक्रम परदेशी खुन्यांपर्यंत पोचलो. साहजिकच, डॅन ब्राऊन या अमेरिकन लेखकाची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ साली निघाली आणि जगभर तिच्यावर उड्या पडल्या, तेव्हा तिच्यापायी माझीही एक रात्र जागरणात गेली.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एका वृद्ध अधिकाऱ्याचा खून होतो. मरता मरता तो काही सांकेतिक खुणा मागे ठेवतो. एक अमेरिकन प्राध्यापक आणि मृताची नात त्या खुणांचा माग काढीत देवळांतून, तळघरांतून, बँकेच्या तिजोरीतून धावत सुटतात. शेवटी उलगडते ते असे की, येशू ख्रिस्ताचा विवाह झाला होता, त्याचा वंश आजही नांदतो आहे आणि ज्या पवित्र पेल्याचा शोध युरोप शतकानुशतके घेत होता तो पेला नसून हे गुपितच होय! एक गुप्त पंथ हे सारे जपून आहे, आणि दा विंचीसारखा थोर चित्रकारही त्याच पंथातला.

गोष्ट मोठी झोकदार. फक्त तिच्या मुळाशी असलेला तो गुप्त पंथ नकली निघाला. पियेर प्लांतार नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने १९५६ साली आपल्या काही मित्रांना गोळा करून त्या नावाची संस्था नोंदवली आणि तिला प्राचीन ठरवण्यासाठी बनावट वंशावळ्या तयार करून त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल केल्या. पुढच्यांनी त्या तिथे ‘शोधून’ काढल्या. म्हणजे चोरानेच पुरून ठेवावे आणि चोरानेच सापडल्याचा गवगवा करावा, तसलाच हा प्रकार.

पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात आले, या गोऱ्या लोकांना एवढी खटपट करून बनावट कागद करावे लागले. आणि आमच्याकडे खऱ्याखुऱ्या सांकेतिक लिपीत लिहिलेल्या खऱ्याखुऱ्या पोथ्यांचे गाठोडे सुमारे साडेपाचशे वर्षे मठामठांतून बंद होते, त्याची गोष्ट कोणी घरात मुलांना सांगत नाही! मुलांनी फराळाच्या डब्यातला लाडू हळूच पळवावा आणि ‘मी नाही त्यातला’ असा चेहरा करून बसावे, की आपल्या घरातली कोणी आजी म्हणते, “बघा कसा मानभावीपणा!” शब्दकोशातही त्याचा अर्थ ढोंगीपणा, वरवरचा साळसूदपणा असाच दिला आहे. हा शब्द आला ‘मानभाव’वरून आणि ‘मानभाव’ आले ‘महानुभाव’वरून. एका अख्ख्या पंथाचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो आणि ते आपल्या गावीही नसते.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी तेराव्या शतकातले. जन्माने गुजरातेतल्या भडोचचे, राजघराण्याशी संबंध असलेले. ऐश्वर्य टाकून ते महाराष्ट्रात आले. विदर्भातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू हे त्यांचे गुरू. गोदाकाठी हिंडत, भिक्षा मागत, देवळांच्या ओसऱ्यांवर मुक्काम करीत स्वामींनी उपदेश केला. वेदांचे प्रामाण्य त्यांनी मानले नाही, मूर्तिपूजा मानली नाही, जातीचा विटाळ मानला नाही आणि बायकांना संन्यासाचा अधिकार नाकारला नाही. त्या काळी यातली एकही गोष्ट पचण्यासारखी नव्हती. इथे तर सगळ्याच एका पानात वाढलेल्या! देवगिरीच्या यादवांच्या दरबारातले वजनदार लोक विरोधात गेले यात नवल नाही. स्वामी शेवटी उत्तरेकडे निघून गेले आणि आजही तिकडे विद्यमान आहेत, अशी पंथाची श्रद्धा आहे.

त्यांच्यामागे नागदेवाचार्यांनी पंथ सांभाळला. या आचार्यांची एक गोष्ट मला फार आवडते. केशोबास हा त्यांचा शिष्य संस्कृतातला गाढा पंडित. त्याला स्वामींच्या वचनांवर संस्कृतात ग्रंथरचना करायची होती. आचार्यांनी त्याला आवरले. संस्कृतात लिहिलेस तर माझ्या म्हाताऱ्या बाया लुबाडल्या जातील, अशा अर्थाचे ते बोलले. ‘म्हाताऱ्या बाया’ म्हणजे पंथातल्या त्या साध्या, न शिकलेल्या संन्यासिनी. त्यांना कळेल तेच खरे शास्त्र, बाकीचे पांडित्य गेले खड्ड्यात, हा त्यातला भाव. मराठी भाषेची बाजू इतक्या थोडक्यात आणि इतक्या मायेने फार थोड्यांनी घेतली असेल. (आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकांतून मराठीच्या कैवाराची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, त्यांत म्हाताऱ्या बाया कधी आल्या नाहीत.)

त्याच सुमारास म्हाइंभटांनी एक विलक्षण काम हाती घेतले. हे सुद्धा संस्कृत पंडितच. स्वामी कुठे राहिले, कोणाशी काय बोलले, काय जेवले, कधी रागावले, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्या माणसांना गाठून, विचारून, पडताळून त्यांनी आठवणी उतरवून घेतल्या. शके १२००, म्हणजे इसवी सन १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ तयार झाले. ज्ञानेश्वरीच्याही आधी बारा वर्षे.

आता रहस्यकथेला लागणारा पहिला धक्का. चौदाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेत दिल्लीच्या सुलतानांच्या फौजा उतरल्या, देवगिरी पडली, पळापळ झाली आणि त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली. ती पुन्हा कोणाला मिळाली नाही. मग शिष्यांनी काय केले? ज्यांना जेवढे पाठ होते तेवढे पुन्हा उतरवले. यात हिराइसा नावाची एक बाई होती. परंपरा तिच्या स्मरणशक्तीच्या अचाट गोष्टी सांगते. तिच्या मुखातून उतरलेला तो ‘हिराइसा पाठ’ आणि असेच दुसऱ्यांच्या नावांचे दुसरे पाठ आजही अभ्यासक ताडून पाहतात. ज्या बायकांसाठी संस्कृत दूर ठेवले, त्यांच्यातल्याच एकीने पोथी डोक्यात वाहून आणली!

आणि मग त्या पोथीला कुलूप लागले. चौदाव्या शतकातच रवळोबास या महानुभाव कवीने ‘सकळ लिपी’ नावाची सांकेतिक लिपी तयार केली. पुढे सुंदरी, अंक, शून्य, वज्र, सुभद्रा, मनोहरा अशा आणखी लिप्या निघाल्या; विसाहून अधिक नावे सांगितली जातात. पंथाचे ग्रंथ या लिप्यांत उतरवले जाऊ लागले आणि त्यांची किल्ली दीक्षा घेतलेल्यांनाच मिळू लागली. असे का केले? कोणी म्हणतात, परचक्राच्या भीतीने. कोणी म्हणतात, सनातन्यांच्या हाती ग्रंथ पडून त्यांची विटंबना होऊ नये म्हणून. कोणी म्हणतात, हे पावित्र्य राखण्याचे साधन होते, देवघराला पडदा लावावा तसे. मला तिन्ही कारणे थोडीथोडी खरी वाटतात. एकदा पोथी हरवलेल्या घराने दुसऱ्यांदा कडी घालून घ्यावी, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

लपवालपवीची ही विद्या आपल्याला नवी नव्हती. वात्स्यायनाने चौसष्ट कलांच्या यादीत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे सांकेतिक लेखन ही एक कला मोजली आहे, आणि त्यावरच्या जयमंगला टीकेत ‘मूलदेवीय’ नावाची एक रीतही दिली आहे. तीत च आणि ट यांची अदलाबदल करायची, त आणि प यांची अदलाबदल करायची, असे चालते. ‘पाटी’ लिहायची असेल तर ‘ताची’ लिहायचे. आपल्या घरातल्या मुली मोठ्यांना कळू नये म्हणून च-ची भाषा बोलतात आणि ‘मला’चे ‘चलाम’ करतात, तीही याच कुळातली, फक्त धाकटी पाती.

सकळ लिपी याच जातीची. एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर, काही खुणा नव्या. पोथी उघडली की अक्षरे बरीचशी ओळखीची वाटतात, पण शब्द जुळत नाही. परक्या गावी ओळखीचा चेहरा दिसावा आणि जवळ जाऊन पाहावे तो माणूस भलताच, तसे होते. अशा कुलपाचा एक दोष असतो. अक्षर बदलले तरी त्याची येण्याजाण्याची सवय बदलत नाही. भाषेत जे अक्षर वारंवार येते, त्याचा बदलीही वारंवारच येतो. अरब पंडित अल् किंदी याने नवव्या शतकातच अक्षरे मोजून गुप्तलेख फोडण्याची युक्ती लिहून ठेवली आहे. त्यातून लीळाचरित्रात स्वामींना ‘सर्वज्ञ’ म्हटले आहे आणि हा शब्द पानोपानी येतो. तो एकदा हाती लागला की कितीतरी अक्षरांची किल्ली फिरते.

हे सांगायला सोपे आहे; करायला राजवाडे लागतात. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करणारे, स्वतःच्या हाताने शिजवून खाणारे आणि जमदग्नीचा अवतार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्यांनी सकळ लिपी उलगडली. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांचाही त्यात मोठा वाटा. भाव्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’ची दुसरी आवृत्ती १९१९ साली निघाली, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासात महानुभावांचे दालन एकदम उघडले. दोघेही १९२६ साली, काही महिन्यांच्या अंतराने वारले. पुढे यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे, नागपूरचे हरी नारायण नेने आणि विष्णु भिकाजी कोलते यांनी आयुष्ये या पोथ्यांत घातली. पुष्कळ महंतांनीही मन मोठे करून मठांची दारे उघडली. ते झाले नसते तर नुसती किल्ली घेऊन काय करायचे होते?

आता रहस्यकथेच्या वाचकाचा प्रश्न: आत निघाले काय?

कोणाचा गुप्त वंश नाही, पुरलेले सोने नाही, राज्य उलथून टाकणारे पत्र नाही. आत निघाली तेराव्या शतकातली रोजची मराठी. भिक्षेला निघालेली माणसे, त्यांची भूक, रुसवेफुगवे, बाजार, नदीचा उतार, एखाद्या बाईने ऐनवेळी विचारलेला नेमका प्रश्न. आंधळ्यांनी हत्ती चाचपावा तसला तो प्रसिद्ध दृष्टांत केशोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त आहे. आणि लीळाचरित्रात, वाचकहो, काऊचे घर शेणाचे आहे! चिऊच्या जागी तिथे साळुंकी आहे, पण तिचे घर मेणाचेच आहे. सातशे वर्षे महाराष्ट्रातल्या आया ज्या गोष्टीवर मुलांना झोपवीत आल्या, तिचे सर्वांत जुने मराठी लिखित रूप गुप्त लिपीच्या कुलपात होते आणि बाहेर प्रत्येक घरात ती गोष्ट मोकळी हिंडत होती. ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरचे मोबाईलही क्षणभर खाली जातात.

या कुलपाने आपले बरे केले की वाईट, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्ञानेश्वरी लोकांच्या हाती होती म्हणून तिच्यात इतके फेरफार झाले की शके १५०६ मध्ये नाथांना ती शुद्ध करावी लागली. महानुभावांच्या पोथ्यांतही पाठभेद आहेतच, परंतु त्यांतली जुनी भाषा बऱ्याच प्रमाणात जुनीच राहिली. नकलणाऱ्याला शब्द ‘सुधारण्याचा’ मोह झाला तरी लिपी आडवी येत असे. उलट बाजूला तो शब्द आहे, ‘मानभावी’. जे दिसत नाही त्याविषयी माणसे बरे कधीच कल्पीत नाहीत. दाराआड काय चालते, हे कळत नाही म्हटल्यावर शेजाऱ्यांनी जे म्हणायचे ते म्हटले आणि भाषेने ते टिपून ठेवले. आपल्या म्हाताऱ्या बायांसाठी मराठीचा हट्ट धरणाऱ्या पंथाची पोथी बाहेरच्या म्हाताऱ्या बायांना मात्र साडेपाच शतके बंद राहिली, याचे मला वाईट वाटते. दुसरीकडे, त्यांच्या जागी मी असतो तर उघडी ठेवली असती का, याचे उत्तर मला छातीठोकपणे देता येत नाही. कोलत्यांचे संपादित लीळाचरित्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केले, तेव्हा पंथातल्या काही मंडळींनी त्यातल्या मजकुरावर तीव्र आक्षेप घेतले. आम्हा अध्यापकांना तो संशोधनाचा ग्रंथ; त्यांना ते देवाचे चरित्र. पुस्तक एकच, पण दोघांचे हात ते निराळ्या रीतीने धरतात.

आणि पवित्र अवशेषाचे काय? रहस्यकथेत तो हवाच. महानुभाव मूर्ती पूजत नाहीत, पण स्वामींचा जिथे स्पर्श झाला ती जागा त्यांना वंद्य. तिथे ओटे बांधलेले असतात. अशा स्थानांच्या दगडाचे तुकडे जपून ठेवतात, त्यांना ‘विशेष’ म्हणतात. ‘स्थानपोथी’ नावाचा एक जुना ग्रंथ आहे, तो म्हणजे या जागांचा नकाशाच. अमक्या गावी अमक्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, त्यात स्वामी कुठे बसत, कुठे जेवत. खजिन्याचा नकाशा म्हणून तो उघडणाऱ्याची निराशा होईल. खुणेच्या जागी पोचल्यावर तिथे कोणी तरी एकदा बसले होते, एवढेच मिळते. यादवकाळातल्या गावांची रचना अभ्यासणाऱ्यांना मात्र तेवढ्यातच लॉटरी लागते. मूठभर दगडाला नमस्कार करणारे ते भाविक मला पेल्याच्या मागे धावणाऱ्या सरदारांपेक्षा जवळचे वाटतात. आमच्या घरीही आजोबांची काठी अजून कोपऱ्यात उभी आहे आणि केरसुणी मारताना तिला पाय लागला तर घरातले सगळे हात जोडतात.

काही वर्षांपूर्वी मी अमरावतीहून एस.टी.ने रिद्धपूरला गेलो होतो. तिथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ २०२४ साली सुरू झाले आहे. तेव्हा त्याची नुसती चर्चा होती. एका मठात गेलो. ‘दंडवत प्रणाम’ झाले. तिथल्या वृद्ध बाबांनी बसायला चटई दिली, गाव विचारले, पोटापाण्याचे विचारले. लीळाचरित्र शिकवतो म्हटल्यावर त्यांनी उत्सुकतेने विचारले,

“किती मार्कांना असतं?”

“निवडक भाग आहे, बाबा. वीस मार्कांना.”

“वीस!” ते हसले. त्या हसण्यात कौतुक होते की दुसरे काही, ते मला कळले नाही. “आमच्या लहानपणी दीक्षेवाचून पोथीला हात लावू देत नव्हते. तुमची पोरं वीस मार्कांत वाचतात, बरं आहे.”

मग त्यांनी फडक्यात बांधलेली सकळ लिपीतली एक पोथी सोडली. मी तक्ता पाठ करून गेलो होतो. एकेक अक्षर मनात बदलीत, अडखळत एक ओळ वाचली. बाबा ऐकून घेत होते. नंतर त्यांनी तीच पाने पुढे ओढली आणि आपण वर्तमानपत्र वाचतो तशी, बोट न ठेवता, भराभरा वाचत गेले. त्यांच्या दृष्टीने ती गुप्त लिपी नव्हतीच; ती त्यांची बाराखडी होती.

कपाटात वरच्या खणात आणखी एक गाठोडे दिसले. तेही सकळ लिपीतलेच का, म्हणून मी विचारले. त्यांनी मान हलवली.

“ती दुसरी लिपी. ती मला येत नाही. येणारे एक बाबा होते, ते गेले.”

असे म्हणून त्यांनी आमची पोथी फडक्यात बांधली आणि मला जेवायला चला म्हणाले.